शिक्क्याचं सोयर

आपल्याकडे कागदाला खरा मान कधी मिळतो? त्यावर शिक्का बसला की. ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला असो, शाळा सोडल्याचा दाखला असो, बाजार समितीतली हळदीची पट्टी असो. मजकूर बरोबर, सही बरोबर, पण शिक्का नसेल तर खिडकीतला माणूस कागद परत सरकवतो. हिंगोली जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात, निरक्षर माणसालाही ठाऊक असलेला असा हा शब्द आहे. या शब्दाचं एक सख्खं भावंड इटलीत राहतं. आज त्या दोघांची आणि त्यांच्या घराण्याची हकिगत सांगायची आहे. ती सांगताना आपल्या मराठवाड्याच्या बोलीबद्दलही थोडं बोलायचं आहे.

इटलीतल्या भावंडाचं नाव आहे 'त्सेक्का'. यातला 'त्स' उच्चारायला इंग्रज माणूस अडखळतो, आपण नाही. आपल्या 'चटणी'तला आणि 'चमचा'तला 'च' म्हणजेच तो. त्सेक्का म्हणजे टांकसाळ. रोममध्ये आज युरोची नाणी पाडणाऱ्या सरकारी संस्थेच्या नावात हाच शब्द आहे. पण तो फक्त सरकारदरबारचा नाही. दुकानातून नवी सायकल आणली की इटालियन माणूस म्हणतो, 'नुओवो दि त्सेक्का'. शब्दशः अर्थ, टांकसाळीतून आत्ताच निघालेली. आपण म्हणू, कोरी करकरीत.

आता 'शिक्का' आणि 'त्सेक्का' यांचा नुसता उच्चार सारखा आहे म्हणून मी त्यांना भावंडं म्हणत नाही. उच्चार सारखा असणं हा नात्याचा पुरावा नव्हे. शिकेकाईचा शिक्क्याशी काही संबंध नाही. गंमत म्हणजे इटालियनमध्ये 'त्सेक्का' नावाचा दुसराही एक शब्द आहे, अगदी तसाच लिहितात, आणि त्याचा अर्थ आहे गोचीड! तो शब्द जर्मन वंशाच्या भाषांकडून इटलीत आला. टांकसाळीचा आणि त्याचा काडीचा संबंध नाही. शब्दांचं नातं ठरवायचं तर तो कोणत्या वाटेनं आला, कोणाबरोबर आला आणि येताना काय काम करत होता, हे बघावं लागतं. सोयरीक जुळवताना आपण गाव, कूळ, पाहुणे विचारतो, तसंच.

तर या दोघांचं मूळ कूळ एक आहे. तो अरबी शब्द 'सिक्का'. अरबीत त्याचा पहिला अर्थ नाणं असा नाही. नाणं पाडण्याचा लोखंडी ठसा, तो सिक्का. जुन्या पद्धतीत खालचा ठसा लाकडाच्या ओंडक्यात खुंटीसारखा रोवून बसवत. त्यावर सोन्या-चांदीची चकती ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा हाणायचा. एका घावात दोन्ही बाजूंना अक्षरं उमटत. पुढे ठशाचं नाव त्याच्या उमट्याला मिळालं आणि मग नाण्यालाही मिळालं.

अरबीच्याही मागे गेलं तर अरामी भाषेत हा शब्द खुंटी, खिळा आणि ठसा या अर्थांनी सापडतो. त्याहून मागे, आजच्या इराकमधल्या प्राचीन अक्कादी भाषेत 'सिक्कतु' म्हणजे खुंटी. आणि शेतकरी श्रोत्यांना आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. अरबीत नांगराच्या फाळालाही 'सिक्का'च म्हणतात. टोकदार लोखंड, जे आत घुसतं आणि आपली खूण ठेवतं. फाळ जमिनीवर तास उमटवतो आणि ठसा धातूवर. माणसाच्या नजरेला ही दोन कामं एकसारखी वाटली.

आपल्याकडेही असंच घडलं आहे. संस्कृतात 'टंक' म्हणजे छिन्नी, आणि टंक म्हणजे छाप मारलेलं नाणंही. त्यावरूनच टांकसाळ आली. व्याज मोजताना आपण जो 'टक्का' म्हणतो तोही याच घराण्यातला. आणि 'रुपया'च्या मागे आहे 'रूप्य', म्हणजे ज्यावर रूप उमटवलं आहे ते. नाण्याचं नाव हत्यारावरून किंवा छापेवरून पडावं, ही अरबांची आणि आपली सारखीच रीत.

आता इटलीकडे वळू. अरब लोक टांकसाळीला 'दार अस्-सिक्का' म्हणत, म्हणजे ठशाचं घर. मध्ययुगात भूमध्य समुद्राचा व्यापार अरबांच्या आणि इटालियन व्यापाऱ्यांच्या हातात होता. सिसिली बेटावर तर काही काळ अरबांचं राज्यच होतं. व्यापाराबरोबर शब्द गेले. आपला ओळखीचा 'दिवाण' अरबांकडून इटलीत पोचला आणि 'दोगाना' झाला. अर्थ झाला जकात नाका. आपली शर्करा म्हणजे साखर, ती फारसी-अरबी मुलखातून जाऊन 'त्सुक्केरो' झाली. आणि 'दार अस्-सिक्का'तलं 'दार' गळून उरलेल्या सिक्क्याचा 'त्सेक्का' झाला. ज्या भाषेत बाजार चालतो तिचे शब्द बाजारातली सगळीच माणसं उचलतात. त्यात कमीपणा कोणी मानला नाही.

परंपरेनुसार आपल्या नरसीच्या नामदेव महाराजांचा जन्म १२७० चा. ते चौदा वर्षांचे असताना, १२८४ मध्ये, व्हेनिसच्या सरकारनं सोन्याचं एक नाणं पाडायचं ठरवलं. त्याचं नाव दुकात. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम आणि सोनं त्या काळी जितकं शुद्ध करता येईल तितकं. व्हेनिसची टांकसाळ सान मार्को चौकाजवळ होती. तिची दगडी इमारत याकोपो सान्सोव्हिनो या वास्तुविशारदानं १५३६ पासून बांधली आणि ती आजही 'त्सेक्का' म्हणूनच ओळखली जाते. पुढे दुकातलाही टांकसाळीवरून नाव पडलं, 'त्सेक्किनो'. १७९७ मध्ये नेपोलियननं व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडवलं. तोवर पाचशे वर्षांहून अधिक काळ या नाण्याचं वजन आणि कस जवळजवळ हलला नाही. बंदा रुपया म्हणतात तसं ते बंदं सोनं होतं. म्हणून अलेक्झांड्रियापासून सुरतेपर्यंत कोणीही ते डोळे झाकून घेई.

आणि डोळे झाकून घेणाऱ्यांत आपणही होतो. युरोपला मिरी, मसाले, कापड हवं होतं आणि आपल्याला त्यांच्याकडचं फारसं काही नको होतं, सोनं-चांदी सोडून. तेव्हा तांबड्या समुद्राच्या वाटेनं ही नाणी पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांत उतरत आणि घाट चढून वर येत. नाण्याच्या एका बाजूला संत मार्क उभा असतो आणि त्याच्यापुढे व्हेनिसचा प्रमुख गुडघे टेकून निशाण घेत असतो. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या वलयात येशू ख्रिस्त. आपल्या माणसांना ही मंडळी कोण हे ठाऊक नव्हतं. त्यांना दिसल्या त्या पुतळ्या. म्हणून नाण्याचं मराठी नाव पडलं 'पुतळी'. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्यातल्या नाण्यांची यादी आहे, त्यात पुतळ्याही आहेत. तमिळ मुलखात याच चित्राकडे बघून लोकांनी निशाणाच्या काठीला ताडाचं झाड केलं आणि माणसाला ताडी काढणारा!

पुढे या नाण्यांना नाके लावून ती दोऱ्यात ओवली गेली आणि झाली पुतळ्यांची माळ. मागणी वाढली तशी आपल्या सोनारांनी हुबेहूब नकला पाडल्या. लॅटिन अक्षरं वाचता येत नसल्यामुळे त्या नकलांवरची अक्षरं नुसत्या रेघोट्या झाल्या, पण पुतळ्या मात्र उभ्या राहिल्या. आज सोनाराकडे मिळणाऱ्या पुतळीवर बहुधा लक्ष्मी असते. तरी नाव तेच. बोरमाळ, एकदाणी आणि पुतळ्या अंगावर घालून लग्नात मिरवणारी आपली आजी व्हेनिसच्या टांकसाळीची आठवण गळ्यात बाळगून होती, हे तिला कोणी सांगितलं नाही.

याच त्सेक्किनोचं फ्रेंचांनी 'सेकँ' केलं, इंग्रजांनी 'सीक्विन' केलं आणि कपड्यावर शिवायच्या चमकत्या टिकल्यांना ते नाव दिलं. हिंगोलीच्या कापड दुकानात मुली हल्ली 'सिक्वेन्सची साडी' मागतात. म्हणजे आजीच्या गळ्यात नाणं आलं ते स्वतःचं नाव गमावून, आणि नातीच्या पदरावर नाव आलं ते नाणं गमावून.

ही झाली पश्चिमेची वाट. दुसरी वाट पूर्वेची, आणि ती थेट आपल्या दारात येते. अरबीतून 'सिक्का' फारसीत गेला आणि फारसी ही दख्खनच्या सुलतानांच्या दप्तराची भाषा झाली. तिथून तो मराठी कारकुनाच्या लेखणीत उतरला आणि मराठी जिभेनं त्याचा 'शिक्का' केला. राजपत्राच्या माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपला तिथे मोर्तब, दोन्ही झाल्याशिवाय पत्र पक्कं नाही. त्यावरून 'शिक्कामोर्तब'. पेशवेपद मिळे ते वस्त्रं आणि शिक्केकट्यार देऊन. शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला, तो दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळावेत म्हणून. त्यातले कित्येक शब्द आपण आज वापरतो. पण 'शिक्का' काही हलला नाही. तो तोवर घरचा झाला होता.

अरबी-फारसी राज्यपद्धतीत राजा कोण हे दोन गोष्टींवरून ठरे. शुक्रवारच्या खुत्ब्यात कोणाचं नाव घेतात आणि सिक्क्यावर कोणाचं नाव कोरतात. आता हैदराबादचं बघा. १७२४ पासून निजाम प्रत्यक्षात स्वतंत्र होता. तरी त्याच्या नाण्यांवर नाव दिल्लीच्या बादशहाचंच असे. १८५७ चा उठाव मोडला, बहादूरशहा जफर पदच्युत झाला आणि मग हैदराबादच्या नाण्यावरून बादशहा उतरला. त्या सुमारास पंतप्रधान सालारजंग यांनी आसफजाहचं नाव असलेला नवा रुपया चालू केला. तोच 'हाली सिक्का'. यातल्या 'हाली'चा अर्थ चालू, सध्याचा. आपण आत्ता 'हल्ली' म्हटलं ना, तोच हा शब्द. हाली सिक्का म्हणजे हल्लीचा शिक्का!

१९०३ मध्ये हैदराबादची टांकसाळ सैफाबादला गेली आणि तिथे यंत्रावर नाणी पडू लागली. त्यांच्यावर चारमिनार आला. चारमिनारच्या कमानीत एक बारीक अक्षर असे. महबूब अली खानच्या काळात 'मीम', उस्मान अली खानच्या काळात 'ऐन'. १९१८ पासून हैदराबादच्या कागदी नोटाही निघाल्या. मुख्य मजकूर उर्दूत असला तरी किंमत मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्येही छापलेली असे, कारण नोट वापरणारी बहुसंख्य प्रजा या भाषा बोलणारी होती.

इंग्रजी मुलखातल्या रुपयाला आपल्याकडे 'कलदार' म्हणत. कल म्हणजे यंत्र, यंत्रावर पाडलेला तो कलदार. आमच्या घरी आजी कोणत्याही जुन्या व्यवहाराची गोष्ट सांगायची तेव्हा रकमेपाठोपाठ सांगायची, 'हालीचे हां, कलदार नव्हे.' लहानपणी मला ते तिचं पालुपद वाटे. पण त्यात मोठा हिशेब होता. कलदार रुपयात शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम आणि हालीच्या रुपयात सुमारे ९.१ ग्रॅम. भागाकार करून बघा, जवळजवळ सात आणि सहाचं प्रमाण येतं. सात हाली म्हणजे सहा कलदार. तोंडी हिशेब करणाऱ्या माणसाला सातानं भागणं किती जड, हे वेगळं सांगायला नको. साडेतीनशे हाली म्हणजे तीनशे कलदार, इथवर ठीक. पण सत्तेचाळीस रुपये साडेपाच आणे असतील तर?

आणि हा हिशेब हिंगोलीला रोजचा होता. नकाशा डोळ्यांसमोर आणा. जिल्ह्याच्या उत्तरेला पैनगंगा, आणि तिच्या पलीकडे वऱ्हाड. १८५३ च्या तहानं वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. म्हणजे नदीच्या या काठाला हाली आणि त्या काठाला कलदार. दोन्ही काठांना भाषा मराठी, दोन्ही काठांना कापूस आणि ज्वारी, सोयरसंबंध दोन्हीकडे. लेक पलीकडे दिलेली, बैल पलीकडून आणलेला. मध्ये सरहद्दीवर निजामाची करोडगिरी, म्हणजे जकात, तिचे नाके. इटालियन माणसाला हा कारभार दोन शब्दांत समजावता आला असता. अलीकडे एक त्सेक्का, पलीकडे दुसरा त्सेक्का आणि मधोमध दोगाना.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली. त्यासाठी मराठवाड्यानं काय सोसलं हे इथे वेगळं सांगायला नको. १९५० मध्ये हैदराबादची टांकसाळ भारत सरकारकडे आली. भारतीय रुपया हालीच्या जोडीनं चालू झाला, दर तोच, साताला सहा. पन्नासच्या दशकात हाली बाजारातून गेला. काही रुपये आटवले गेले, काही पाटल्या-तोड्यांत गेले, काही देव्हाऱ्यात राहिले. राजाचं नाव असलेलं नाणं गेलं. पण 'शिक्का' गेला नाही. तोच शब्द नव्या तहसील कचेरीच्या टेबलावर, निळ्या शाईच्या डबीशेजारी येऊन बसला आणि अशोकस्तंभाची छाप उमटवू लागला.

मला जे सांगायचं आहे ते यापुढेच. शिकायला आणि नंतर नोकरीला मराठवाड्याबाहेर गेलेल्या माझ्या पिढीतल्या अनेकांनी एक गोष्ट ऐकली आहे. 'तुमची मराठी निजामी आहे, फार उर्दू शब्द येतात.' म्हणजे आमच्या बोलीवर शिक्का मारला गेला. आणि तो मारायला वापरलेला शब्दही त्याच वाटेनं आलेला! आम्हीही मग चारचौघांत घरचे शब्द गिळू लागलो. राजवटीचा राग शब्दांवर काढला गेला, आणि तो थोडा आम्हीही काढला.

पण शब्दाचं वय बघा. निजामाची गादी सव्वादोनशे वर्षांची. 'शिक्का' मराठीत त्याच्या आधीपासून. अरबीत तो त्याहून कितीतरी आधीपासून, आणि त्याची खुंटी इराकच्या मातीत हजारो वर्षांपूर्वी ठोकलेली. एखाद्या राजानं शब्द वापरला म्हणून शब्द त्याच्या मालकीचा होत नाही. भाड्यानं राहिलेला माणूस घराचा मालक होत नाही, तसंच हे. व्हेनिसच्या लोकांनी अरबी शब्द आपल्या सर्वांत श्रीमंत इमारतीच्या दारावर लावला आणि इटालियन माणूस आज तो शब्द परका मानत नाही. मग आपणच का मानावा?

हिंगोली शहरात फिरा. इथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती, तिच्या खुणा मोहल्ल्यांच्या नावांत आहेत. रिसाला बाजारातला रिसाला अरबी. तोफखान्यातला खाना फारसी. पलटण इंग्रजीतून आली, तिकडे ती फ्रेंचांकडून आलेली. पेन्शनपुऱ्यात तर इंग्रजी पेन्शन आणि आपलं पूर एकाच घरात नांदतात. आणि या मोहल्ल्यांत राहणारी माणसं पत्ता सांगताना कुठल्याही भाषेत नाही, हिंगोलीच्या बोलीत सांगतात. ज्या बोलीत पत्ता सांगितला जातो तिचेच हे शब्द.

व्हेनिसच्या त्या दगडी टांकसाळीत आता नाणी पडत नाहीत. तिथे मार्चाना हे मोठं ग्रंथालय आहे आणि जिथे सोनं वितळत होतं तिथे माणसं पुस्तकं वाचत बसतात. सैफाबादच्या टांकसाळीचं कामही १९९७ मध्ये शहराबाहेर चेर्लापल्लीला गेलं आणि जुन्या वास्तूत २०२२ मध्ये संग्रहालय उघडलं. दोन्ही टांकसाळी थंड झाल्या. शब्द मात्र दोन्हीकडे रोज कामावर आहे. तेव्हा तुमच्या घरात कोणी जुनं माणूस असेल, तर त्याला हाली आणि कलदारचा हिशेब विचारा, आणि तो सांगेल तो त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. ते शब्द शुद्ध करायला जाऊ नका. नाणं खरं आहे की नाही हे त्यावरच्या नावावरून नव्हे, वाजवून ठरतं, आणि ही नाणी अजून खणखणीत वाजतात.